बोक्याचा हवापालट

तीस वर्षं मी सरकारी नोकरीत गाई-म्हशींच्या मागच्या बाजूला उभी राहून काढली. पशुधन विकास अधिकारी हे हुद्द्याचं नाव. कामाचं स्वरूप म्हणजे खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा आणि गाय गाभण आहे की नाही ते आत हात घालून सांगायचं. आधी शिरूर तालुका, मग दौंड, मग पुन्हा शिरूर. पहिल्याच वर्षी पाबळजवळच्या एका गोठ्यात शिरले तर तिथले आबा म्हणाले, "डॉक्टर कवा येणार?" मी म्हटलं, मीच. त्यांनी मला खालून वर बघितलं. "तुम्ही व्हय? बरं, च्या घ्या तवर. येतीलच डॉक्टर." त्यांची म्हैस अडली होती. चहा निवायच्या आत मी रेडकू बाहेर काढलं. त्या गावात मी डॉक्टर झाले, पुढच्या गावात मात्र पुन्हा चहापासून सुरुवात.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून शिरूरला, बाजारापासून जरा आत, एक गाळा घेऊन खासगी दवाखाना उघडला. अंदाज होता की कुत्री येतील, फार तर एखादी शेळी. आली ती मांजरं. औद्योगिक वसाहत वाढली, तिच्यामागून फ्लॅट वाढले आणि फ्लॅटमध्ये चपट्या नाकाची, लांब केसांची, कायम रुसलेली विलायती मांजरं राहायला आली. त्यांचे मालक 'मांजर आजारी आहे' असं म्हणत नाहीत. 'बाळ दोन दिवस जेवलं नाही' म्हणतात. पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी त्या बाईंना सांगितलं की बालरोगतज्ज्ञ पलीकडच्या गल्लीत बसतात. त्या रागावल्या आणि बाळाला घेऊन पुण्याला गेल्या.

मांजराला दमा होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकातलं दुखणं टेबलावर आलं की ओळखू येईलच असं नाही, हे मला पुढं कळलं. दम्याचं मांजर कसं दिसतं ते आधी सांगते, कारण बहुतेक घरांत ते कळतच नाही. मांजर चारही पाय पोटाखाली घेऊन जमिनीला चिकटून बसतं, मान पुढं ताणतं आणि घशातून खरखर आवाज काढत खोकतं. बाहेर काही पडत नाही. मग ते ओठ चाटतं आणि काही झालंच नाही अशा थाटात निघून जातं. फ्लॅटमधल्यांना वाटतं, घशात केसांचा गोळा अडकला. खेड्यात वाटतं, बोंबलाचा काटा अडकला. खरं तर आत श्वासाच्या नळ्या सुजून आवळलेल्या असतात. हा आजार कायमचा जात नाही, फक्त आटोक्यात ठेवता येतो. आणि मांजर बोभाटा करत नाही. अडलेली म्हैस सगळी आळी गोळा करते. मांजर कोपऱ्यात बसून एकटंच गुदमरतं.

प्रिन्स माझ्याकडे आला तो असाच, केस अडकले म्हणून.

त्याला घेऊन आले होते तात्या. तात्या म्हणजे दौंड तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावचे माजी सरपंच, सोसायटीचे संचालक आणि एका मोठ्या गुऱ्हाळाचे मालक. गावाचं नाव लिहीत नाही, आणि इथली सगळी नावं बदललेली आहेत, बोक्याचंसुद्धा. नोकरीत असताना मी त्यांच्या गोठ्यातल्या पुष्कळ गाई तपासल्या होत्या. त्या वेळी तात्या गोठ्याच्या दारात उभे राहून फोनवर बोलायचे आणि गाय दगावली तरी फोन ठेवायचे नाहीत. या वेळी मात्र भली मोठी पांढरी गाडी दवाखान्यासमोर थांबली आणि तात्या स्वतः बोका छातीशी धरून उतरले. बोका पुढच्या सीटवर बसून आला होता. त्यांची सून सुवर्णा मागच्या सीटवर होती, मांडीवर बोक्याची दुलई घेऊन.

"म्याडम, ह्याला काय झालं तर माझं समदं संपलं," तात्या म्हणाले.

मला वाटलं, म्हातारपणी माणसाला माया फुटली. तसं काही नव्हतं. प्रिन्स हा पुण्याच्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या मुलीचा बोका. मुलगी लग्न होऊन परदेशात गेली. बोक्याचं काय करायचं, हा प्रश्न पुढाऱ्याच्या पत्नीने, म्हणजे वहिनीसाहेबांनी, घरी आलेल्या कार्यकर्त्यांसमोर टाकला. तात्यांनी जन्मात मांजराला वाटीभर दूध घातलं नव्हतं, पण हात वर करायची त्यांना जुनी सवय होती. त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला मिळणार, ते त्याच दिवाणखान्यात ठरणार होतं. तेव्हापासून दर रविवारी प्रिन्सचा एक फोटो वहिनीसाहेबांना व्हॉट्सअॅपवर जायचा, आणि तिकडून एक बदाम आला की तात्यांचा आठवडा बरा जायचा.

मी तपासलं. खोकला, वजन थोडं कमी, ताप नाही. मी केसांच्या गोळ्यासाठी मलम दिलं आणि जंताचं औषध दिलं. महिन्यानं पुन्हा आले, पुन्हा तेच दिलं. असं चार-पाच महिने चाललं. एकदा सुवर्णा हळूच म्हणाली, "म्याडम, त्याच्या तोंडातनं केस कवाच पडलं न्हाईत."

मी म्हटलं, "तू बघितलं नसशील."

हे वाक्य मला अजून टोचतं. जी बाई रोज त्या बोक्याची घाण उपसत होती, त्याचं अंथरूण झटकत होती, तिला मी सांगत होते की तू बघितलं नसशील. तीस वर्षं शेतकरी मला 'डॉक्टर कवा येणार' म्हणाले त्याचा राग मी त्या दिवशी भलत्याच माणसावर काढला की काय, कोण जाणे. गुरांच्या दवाखान्यात मी नेहमी शिकाऊ पोरांना सांगायचे की आधी गुराखी काय म्हणतो ते ऐका. मी स्वतःच ऐकलं नाही, आणि त्यात बोक्याचा जीव जाता जाता राहिला.

एका दुपारी त्याला आणलं तेव्हा तो तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. कुत्र्याने तोंड उघडलं तर ते हसतंय म्हणायला हरकत नाही. मांजराने तोंड उघडून श्वास घेतला तर डॉक्टरने पळायला सुरुवात करावी. जीभ निळसर झाली होती. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि अर्धा तास त्याला हात न लावता समोर बसून राहिले, कारण अशा मांजराला घाबरवलं तर ते तिथंच संपतं. तात्या बाहेर येरझारा घालत वहिनीसाहेबांना काय सांगायचं त्याची तालीम करत होते. सुवर्णा खाली फरशीवर बसून बोक्याशी बारीक आवाजात बोलत होती. बोक्याची जीभ गुलाबी झाली तेव्हा ती रडली. दुसऱ्या दिवशी पुण्याला छातीचा एक्स-रे काढला आणि माझी चूक काळ्या-पांढऱ्यात समोर आली.

मांजराच्या दम्याचं औषध म्हणजे माणसाचाच पंप. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतो, रोज दोन वेळा द्यायचा असतो आणि गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर सोबत गोळ्या. आलेला झटका मोडायला दुसरा एक पंप असतो, तो फक्त अडीनडीला. मांजर काही 'श्वास आत ओढा' सांगून ओढत नाही, म्हणून तान्ह्या बाळांसाठी नळी आणि रबरी मुखवटा मिळतो तो आणायचा. चिठ्ठी घेऊन सुवर्णा मेडिकलमध्ये गेली, मी सोबत होते. दुकानदार वहीत लिहीत म्हणाला, "पेशंटचं नाव?"

"प्रिन्स."

"वय?"

"नऊ."

"शाळेत खेळताना धाप लागते का?"

"शाळेत न्हाई जात तो," सुवर्णा म्हणाली.

दुकानदाराने मान हलवली आणि पोराला शाळेत घाला, दम्याची मुलंसुद्धा आता पुढं जातात, असा सल्ला फुकट दिला.

मुखवटा नाकावर धरायचा, पंप दाबायचा आणि आठ-दहा श्वास होईपर्यंत धरून ठेवायचा. वाचायला सोपं आहे. करायला घ्या म्हणजे हातावर ओरखडे मोजायला बसावं लागतं. माझ्याकडचे फ्लॅटवाले एक गृहस्थ बोक्याला पंप देण्यासाठी मोटारसायकलचं जाकीट आणि हेल्मेट घालायचे. बोका पलंगाखाली जायचा आणि ते हेल्मेटसकट पलंगाखाली अडकायचे. सुवर्णाने यातलं काही केलं नाही. तिने चार दिवस नुसता मुखवटा बोक्याच्या ताटलीशेजारी ठेवला. मग मुखवट्याच्या कडेला साय लावली. मग नळी जोडली, साय तशीच. पंपाचा फुस्स आवाज तिने आधी लांबून ऐकवला, मग जवळून. दहाव्या दिवशी प्रिन्सने आपणहून नाक मुखवट्यात घातलं. मी इतक्या वर्षांत पुष्कळ पशुवैद्य पाहिले. असा हात दोघा-तिघांचाच.

तात्यांना मग ऊत आला. पाहुणा आला की "सुवर्णा, पंप आण गं" असा हुकूम सुटायचा. बोका पंप घेतो, हे गावात कौतुकाचं झालं. तात्या माणसांना सांगायचे, "आमच्या प्रिन्सला इंग्लिश औषध लागतंय."

तरीही दमा हवा तसा आटोक्यात येईना. गोळ्या कमी केल्या की खोकला परत. मी सुवर्णाला फोनवर एक एक विचारलं. उदबत्ती? नाही. फिनेल? नाही. तंबाखू, विडी? नाही. मग मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी सापडल्या.

पहिली बोक्याच्या शौचाच्या ट्रेमध्ये होती. विकतची माती आणण्यापेक्षा तात्यांनी गुऱ्हाळावरची राख वस्त्रगाळ चाळून त्यात भरायला लावली होती. मऊ, घरची, आणि घाणीचा उग्र वास दडपणारी. बोका पाय घासायचा आणि राखेचा लोट थेट त्याच्या नाकात जायचा. आम्ही सकाळ-संध्याकाळ पंप देत होतो, आणि मधल्या वेळात तो राख ओढत होता. ती राख मी तिथल्या तिथं उकिरड्यावर फेकायला लावली आणि जाडी धुतलेली वाळू भरली.

दुसरी गोष्ट मागच्या खिडकीतून दिसत होती. गुऱ्हाळ घरापासून शंभर पावलांवर होतं. उसाचा रस मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत, उकळतात, आणि काहिलीखालच्या भट्टीला म्हणजे चुलाणाला जळण लागतं. पूर्वी उसाचीच वाळलेली चिपाडं जाळायचे. आता ती विकली जातात. जळण म्हणून कुठून तरी ट्रक भरून कातरण येतं: चपलांचे तळवे, रबराचे तुकडे, प्लास्टिकच्या पट्ट्या, रेक्झिन. धुराडं होतं, पण वारा फिरला की धूर घरात. मी खिशातला कापसाचा बोळा ओला करून प्रिन्सच्या नाकावरून फिरवला. बोळा काळा झाला.

मी तो तात्यांना दाखवला. ते म्हणाले, "धूर हाय तर धूर येणारच. गुऱ्हाळ बंद करू व्हय मांजरापायी?"

"गुऱ्हाळ नका बंद करू. रबर जाळणं बंद करा."

"समदेच जाळत्यात, म्याडम."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. आधी एक, मग लागोपाठ, मग थांबेनाच. मी आत गेले तर सुवर्णा ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. खांदे वर चढलेले, मान ताणलेली. छातीतून शिट्टी वाजत होती. असं रूप मी सहा महिने पाहत होते, फक्त ते पांढऱ्या केसांचं होतं. हिचं मात्र माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. ती माझ्यासमोर बोक्याचा खोकला सांगताना दर दोन वाक्यांना खोकायची आणि मी बोक्याचा खोकला लिहून घ्यायचे.

जवळ दुसरं काही नव्हतं. मी बोक्याचा झटक्याचा पंप उचलला, मुखवटा काढून टाकला आणि नळी तिच्या तोंडात दिली. एकदा, दोनदा, थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. मी माणसांची डॉक्टर नाही आणि मला तो अधिकार नाही, हे त्या क्षणीही ठाऊक होतं. पण औषध माणसाचंच होतं. दहा मिनिटांत शिट्टी कमी झाली आणि तिचे खांदे खाली आले.

तात्या दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "त्याला पुरंल ना उद्याच्याला? वहिनीसाहेब येणार हायत."

मी नोकरीत वरिष्ठांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तात्यांवर चढवला. काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. सारांश असा की तुमच्या सुनेला दमा आहे, तो तुमच्या चुलाणाने वाढवलाय, आणि तुम्ही पंपातले फवारे मोजताय. तात्या शांतपणे म्हणाले, "तिला काय व्हत न्हाई, म्याडम. तिला सवय हाय."

त्याच दिवशी सुवर्णाला मी माझ्या गाडीतून दौंडला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत तिनं सांगितलं की तीन हिवाळे ती उशाला तीन उशा घेऊन बसून झोपते. नवऱ्याला, विकासला, माहीत होतं. तो गुऱ्हाळावर बापाच्या हाताखाली असतो आणि बापासमोर बोलत नाही. मुलगी पुण्याला वसतिगृहात राहून शिकते, तिला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला तिचा स्वतःचा पंप दिला आणि कागदावर स्वच्छ लिहिलं: धुरापासून लांब राहावे, शक्य तर काही महिने दुसरीकडे राहावे. तिचं माहेर निमोण्याचं, म्हणजे आमच्या शिरूर तालुक्यातलं. भाऊ भाजीपाला करतो, आई आहे, हवा मोकळी आहे. मला वाटलं, काम झालं.

तात्यांनी तो कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि टीव्हीच्या मागं सरकवला. "हंगामात सून माहेरी बसली तर लोक काय म्हणतील? नांदत न्हाई म्हणतील. निवडणुकीच्या तोंडावर मला हे नको." विकास खाली बघत होता. सुवर्णाने बोक्याचा मुखवटा धुवायला घेतला.

मी मग सरळ मार्गाने गेले. तीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला सरळ मार्ग म्हणजे अर्ज. धुराबद्दल मी रीतसर तक्रार अर्ज दिला. कार्यालयाने तो योग्य त्या कार्यवाहीसाठी खाली पाठवला, खालच्यांनी आणखी खाली, आणि शेवटी तो गावच्या पर्यावरण समितीकडे पोचला. समितीचे अध्यक्ष तात्या. ते स्वतः तो अर्ज घेऊन माझ्या दवाखान्यात आले, चहा घेतला आणि म्हणाले, "म्याडम, तुमचं अक्षर लई सुंदर हाय." तक्रार निकाली निघाली.

तो चहाचा कप विसळताना माझ्या डोक्यात आलं की या माणसाच्या घरात सुनेच्या नावाच्या कागदाला किंमत नाही, सरकारी कागदाला नाही, पण बोक्याच्या नावाच्या कागदाला आहे. मी माझं लेटरहेड काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं:

'रुग्ण: प्रिन्स, पर्शियन बोका, वय नऊ. निदान: दमा. सल्ला: धूर वर्ज्य. तातडीने हवापालट आवश्यक. गुऱ्हाळाचा हंगाम संपेपर्यंत रुग्णास निमोणे येथे ठेवावे. पंप देणारी व्यक्ती बदलू नये, अन्यथा रुग्ण औषध घेणार नाही व जिवास धोका संभवतो.'

खाली सही, शिक्का. पुढच्या तपासणीला तात्या प्रिन्सला घेऊन आले तेव्हा ती चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. तात्यांनी तीनदा वाचलं.

"निमोणंच का? माझी बहीण हाय की बारामतीला."

"निमोण्याची हवा कोरडी आहे."

"आन् पंप तर कुणीबी देईल."

"देऊन बघा," मी म्हटलं. त्यांनी तिथंच प्रिन्सला मुखवटा लावून बघितला. दवाखान्यात त्यांच्या मनगटाला पट्टी मीच बांधली.

तात्यांनी चिठ्ठीचा फोटो वहिनीसाहेबांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'लगेच न्या, बिचारा.' दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी निमोण्याला गेली. बोका पुढच्या सीटवर, सुवर्णा मागं. गावात कुणी काही म्हणालं नाही. उलट तात्यांची सून पुढाऱ्यांच्या बोक्याची सेवा करायला गेली आहे, हे मानाचं ठरलं. सुवर्णाच्या आईने दारात दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

निमोण्यात प्रिन्सच्या गोळ्या दोन महिन्यांत बंद झाल्या, नुसत्या पंपावर तो ठणठणीत राहिला. सकाळी पंप, मग साय, मग अंगणातल्या जुन्या ट्रॅक्टरच्या सीटवर उन्हात झोप. सुवर्णाच्या तीन उशांची एक उशी झाली. मी महिन्यातून एकदा जायचे. बोक्याची छाती ऐकायचे आणि सुवर्णाला तिच्या डॉक्टरकडे गेलीस का विचारायचे. विकास दर शनिवारी यायचा. गुऱ्हाळावर गप्प असणारा तो माणूस तिथं चक्क बडबड करतो, हे मी स्वतः ऐकलंय. हंगाम संपल्यावर मी दुसरी चिठ्ठी दिली, की पावसाळ्याची ओल दम्याला बाधते, रुग्णास हलवू नये. पावसाळा संपला तोवर पुढचा हंगाम आला होता. सणाला भट्टी थंड असते, तेव्हा ती सासरी दोन दिवस जाऊन यायची. निवडणूक पुढं पुढं जात होती, आणि जितकी ती पुढं जात होती तितका बोका मोलाचा होत होता. लोकशाहीचा इतका थेट फायदा झालेली दुसरी बाई मला माहीत नाही.

मोठेपणा मिरवायला मला तोंड नाही, कारण चुलाणात अजून तेच कातरण जळतं. तिथं बिहारहून आलेली सहा माणसं बारा-बारा तास जाळ सारतात आणि खोकतात. त्यांच्यासाठी बोका कुठून आणायचा, ते मला सुचलेलं नाही.

गेल्या माघात सुवर्णाचा फोन आला. "म्याडम, प्रिन्स गेला."

"धाप लागली होती?"

"न्हाई. सकाळी पंप घेतला, साय खाल्ली, उन्हात झोपला तो उठलाच न्हाई." ती बराच वेळ रडली. मलाही वाईट वाटलं. रागीट होता, पण दमा आटोक्यात असताना, झोपेत, म्हातारपणी गेला. असं मरण माझ्या हाताखालून गेलेल्या थोड्याच जनावरांना मिळालं. तिने सांगितलं की तो दिवस शनिवारचाच होता, विकास आला होता, त्याने बांधाला खड्डा केला, मीठ टाकलं, पुरलं. आणि तो बापाजवळ काही बोलणार नाही म्हणाला.

"चिठ्ठी ह्याच महिन्यात संपतीय, म्याडम."

नोकरीत मी खोटा दाखला कधी दिला नाही. विम्यासाठी मेलेल्या गाईचा कान कापून आणून तो विमा उतरवलेल्या गाईचा म्हणून दाखवणारे आले, जिवंत बैलाचा मृत्यूचा दाखला मागणारे आले. सगळ्यांना दारातून परत पाठवलं. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी जरा जास्तच बोलूनही दाखवायचे. त्या दिवशी फोन ठेवला आणि मेलेल्या बोक्याला सहा महिने निमोण्यातच ठेवावे, अशी चिठ्ठी लिहिली.

रविवारचे फोटो जात राहिले. सुवर्णाकडे त्याचे शेकडो फोटो आहेत, ती एकेक तात्यांना पाठवते, ते पुढं वहिनीसाहेबांना. तिकडून बदाम येतात. आता हे सगळं इथं छापल्यावर तात्यांना कळेल, अशी काळजी काही जण करतील. करू नये. तात्या या दिवाळी अंकात दरवर्षी शुभेच्छांची जाहिरात देतात आणि अंक आला की आपला फोटो नीट छापलाय का तेवढंच बघून कपाटावर ठेवतात.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "म्याडम, निवडणूक लागतीय म्हणत्यात. वहिनीसाहेब इचारत हुत्या, प्रिन्स बरा असला तर आणायचा का घरी? आन् सुवर्णाबी येईल. खरं सांगा, कसा हाय त्यो?"

समोर टेबलावर सुवर्णाच्या डॉक्टरांचा ताजा कागद होता. ती परवाच तपासून घेऊन मला दाखवायला आली होती. मी तोच वाचला. "खोकला नाही. चालताना धाप नाही. झोप चांगली. छाती मोकळी. वजन चार किलोनं वाढलंय."

"चार किलोनं? बोक्याचं?"

"निमोण्याची हवा, तात्या. पण धुरात परत आणलं तर मी खात्री देत नाही."

तात्या म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या तिथंच. चिठ्ठी तेवढी धाडा, वहिनीसाहेबांना दावाया लागंल."

मी लेटरहेड काढून रुग्णाच्या नावापुढं प्रिन्स लिहिलं आणि वय बारा. ज्या दिवशी त्या घरात सुवर्णाच्या नावाची चिठ्ठी चालेल, त्या दिवशी मी बोका मेल्याचा दाखला देईन, आणि त्यावर तारीख खरी घालीन.